खुले पत्र: ‘अभ्यासाची’ आणि ‘वाचायची’ पुस्तकं एकाच ओळीत मांडू नका

प्रति,
मा. सचिव, सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय,
आणि घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करणारे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयातील सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

विषय: कुटुंबांच्या पुस्तकखरेदीची नोंद पाठ्यपुस्तकं आणि इतर पुस्तकं अशी वेगवेगळी घेण्याबाबत

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

माझ्या आईच्या घरखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. लांबट, लाल कापडी पाठीच्या, वाण्याच्या दुकानात मिळायच्या तसल्या. आई सातवी शिकलेली. वडील पगार तिच्या हातात ठेवत आणि ती महिनाअखेरीला पै-पैचा हिशेब मांडे. जून १९७८ चं पान मी पुन्हा पुन्हा उघडते. ज्वारी, गोडेतेल, रॉकेल, दळण, दूध, आणि त्याखाली तीन ओळी: ‘पोरांची पुस्तके व वह्या ३१.५०’, ‘वाचायचे पुस्तक ६.००’, ‘वाचनालय वर्गणी १.००’. पुढे दिवाळीच्या महिन्यात ‘दिवाळी अंक, शेजारच्या वहिनींबरोबर निम्मे, ४.५०’.

‘वाचायचे पुस्तक’ हा शब्द तिचा. आमची शाळेची पुस्तकंही वाचायचीच होती, पण ती घेणं भाग होतं. सहा रुपयांचं पुस्तक तिने मनाने घेतलं होतं. भाग असलेला खर्च आणि मनाचा खर्च एकत्र लिहिला तर महिना कुठे ताणला ते कळत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. देशाच्या हिशेबाच्या वहीत या दोन ओळी वेगळ्या व्हाव्यात, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीसहून अधिक वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह म्हणून काम पाहते. तुमच्या सर्वेक्षणाबद्दल मला आदर आहे. १९५० साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हापासून या देशातला गरीब माणूस काय खातो, काय नेसतो, कशाला मुकतो हे आपल्याला कळतं ते तुमच्या क्षेत्र-कर्मचाऱ्यांच्या पायपिटीमुळे. २०२२-२३ च्या फेरीत २,६१,७४६ घरांचे दरवाजे ठोठावले गेले. इतकं मोठं काम जगात फार थोड्या देशांना साधतं.

आता मुद्द्याचं. २०११-१२ च्या प्रश्नावलीत ‘शिक्षण’ या गटाखाली पुस्तकांशी संबंधित ओळी अशा होत्या: पुस्तकं व नियतकालिकं, नवी, पुस्तकं व नियतकालिकं, जुनी, वर्तमानपत्रं व मासिकं, वाचनालयाची फी, लेखनसाहित्य आणि झेरॉक्स, मग शाळा-कॉलेजची फी, शिकवणी. या यादीचं मला कौतुकच वाटतं. जुन्या पुस्तकांची ओळ वेगळी काढणं फार शहाणपणाचं आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ज्याने पुस्तकं घेतली आहेत त्याला तिचं मोल कळेल. वाचनालयाच्या फीला स्वतंत्र ओळ देणं हेसुद्धा आपल्या राज्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे लिहिते.

पण ‘पुस्तकं, नवी’ या ओळीत तिसरीच्या मुलीचं गणिताचं पुस्तक, दहावीचं गाइड, एमपीएससीच्या तयारीचा ठोकळा, आजीने पंढरपुरात घेतलेली पोथी आणि आईचं सहा रुपयांचं ‘वाचायचं पुस्तक’ हे सगळं एकत्र पडतं. पुस्तक नवं की जुनं हे विचारलं जातं. ते कशासाठी घेतलं हे विचारलं जात नाही.

यातून काय घोटाळा होतो हे मला पुस्तकातून कळलं नाही, अकरावीच्या वर्गात कळलं. एका वर्षी प्रकल्प म्हणून मी मुलांना गावात खर्चाची पाहणी करायला पाठवलं होतं. फॉर्म तुमच्या प्रश्नावलीवरून बेतलेला. मुलांनी आठ दिवस घरं पालथी घातली. आकडे आले तेव्हा मी हरखून गेले. स्टेशनकडच्या नव्या कॉलनीत पुस्तकांवरचा खर्च जुन्या पेठेच्या कितीतरी पट. मी फळ्यावर लिहिलं: उत्पन्न वाढलं की वाचन वाढतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, त्या कॉलनीतली पोरं इंग्लिश मीडियमला जातात. पुस्तकांचा संच शाळेतूनच घ्यावा लागतो, कव्हर घालून मिळतो. बाकी घरात मला एकच पुस्तक दिसलं, तेही ‘अपेक्षित’ प्रश्नसंचाचं.” आणि पेठेत? “पेठेत सगळे आपल्या वाचनालयाचे मेंबर आहेत. त्यांचा खर्च तुम्ही फीमध्ये लिहायला सांगितला होता.”

मी फळा पुसला. जिथे वाचन जास्त तिथे माझ्या फॉर्मने खर्च कमी दाखवला होता, आणि जिथे शाळेची सक्ती जास्त तिथे मला वाचनसंस्कृती दिसली होती. चूक मुलांची नव्हती. फॉर्म मी बेतला होता.

हीच चूक देशाच्या पातळीवर झाली तर काय होईल याचा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दर वर्षी २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाला, फोनवर एक संदेश फिरतो की जगात सगळ्यात जास्त वाचणारा देश भारत, आठवड्याला १०.७ तास. तो आकडा २००५ साली एका खासगी बाजार-संशोधन संस्थेने तीस देशांत केलेल्या पाहणीचा आहे. लोकांनी स्वतःच सांगितलेले तास, आणि त्यात सगळ्या प्रकारचं वाचन. वीस वर्षं झाली तरी आपण तोच फिरवतो, कारण त्याच्या जागी ठेवायला दुसरा आकडा कोणाजवळ नाही. दुसऱ्या टोकाला साहित्य संमेलनाच्या मांडवात दर वर्षी ऐकू येतं की मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही. तेही कोणी मोजलेलं नाही. दोन्ही वाक्यं आत्मविश्वासाने बोलली जातात आणि दोन्हींच्या पायाखाली जमीन नाही.

इतर देश हे कसं मोजतात ते पाहिलं की एक छोटी ओळ काय काय सांगू शकते ते दिसतं.

अमेरिकेचं कामगार सांख्यिकी कार्यालय दर वर्षी ग्राहक खर्चाचं सर्वेक्षण प्रसिद्ध करतं. त्यात ‘वाचन’ अशी एक ओळ आहे: पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं. शाळा-कॉलेजची पाठ्यपुस्तकं त्यात नाहीत, ती ‘शिक्षणा’त जातात. २००० साली सरासरी अमेरिकी कुटुंबाने वर्षाला ३८,०४५ डॉलर खर्च केले, त्यातले १४६ वाचनावर. २०१० साली ४८,१०९ पैकी १००. २०२३ साली ७७,२८० पैकी ११७. दर हजार डॉलरमागे पाहिलं तर पावणेचार डॉलरच्या जरा वरून सुरुवात, मग दोन, मग दीड. महागाई धरली तर २००० सालचे १४६ डॉलर म्हणजे २०२३ चे अडीचशेच्या वर. म्हणजे खरा खर्च निम्म्याहून खाली आला.

हा आकडा वाचून ‘अमेरिकेत पुस्तकं संपली’ असं म्हणणं चूक ठरेल. त्या ओळीत वर्तमानपत्रं आहेत, आणि घरी येणारं वर्तमानपत्र बंद करून लोक फोनवर बातम्या वाचू लागले हा या घसरणीतला मोठा भाग आहे. पण पाहा, हा वाद तिथे घालता येतो. ओळ आहे, वर्षं आहेत, कोणीही उघडून पाहू शकतं. शिक्षण त्यातून वगळलेलं असल्यामुळे कॉलेजची पुस्तकं महागली तरी ‘वाचन’ वाढल्याचा भास होत नाही.

जर्मनीची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. तिथे पुस्तकाची किंमत कायद्याने ठरलेली असते, दुकानदाराला सवलतीत विकता येत नाही. २०१३ साली तिथला पुस्तक बाजार साधारण ९५४ कोटी युरोंचा होता, २०१७ साली ९१३ कोटींचा. चार वर्षांत घट चार-साडेचार टक्क्यांची. कोणी म्हणेल, फार काळजी करण्यासारखं नाही. पण तिथल्या प्रकाशक-विक्रेत्यांच्या संघटनेने ग्राहकांची पाहणी करून घेतली तेव्हा दिसलं की त्याच चार वर्षांत पुस्तक विकत घेणाऱ्या माणसांची संख्या ३ कोटी ६० लाखांवरून २ कोटी ९६ लाखांवर आली होती. ६४ लाख माणसं दुकानात यायची थांबली होती. उरलेली माणसं जास्त पैसे खर्च करत होती म्हणून गल्ला जवळपास तेवढाच दिसत होता. पुढे बाजार वाढलाही, २०१९ साली ९२९ कोटी, २०२३ साली ९७१ कोटी युरो.

सरासरीने काय झाकलं जातं याचं याहून चांगलं उदाहरण मी वर्गात कधी देऊ शकले नसते. वाचणारे थोडे आणि त्यांचा खर्च मोठा, की वाचणारे पुष्कळ आणि प्रत्येकाचा खर्च थोडा, या दोन समाजांची सरासरी एकच येऊ शकते. म्हणून मला तुमच्याकडून सरासरी रुपयांइतकाच दुसरा एक आकडा हवा आहे: हजार घरांपैकी किती घरांनी वर्षभरात शाळेबाहेरचं एक तरी पुस्तक विकत घेतलं. वस्तूवार तक्त्यांत ‘दर हजारी किती कुटुंबांनी ही वस्तू वापरली’ हा रकाना तुम्ही पूर्वीपासून देत आला आहात. तांदूळ-ज्वारीसाठी तो आहे. पुस्तकाची ओळ वेगळी झाली की तो आपोआप मिळेल.

जपानमध्ये निवडलेली कुटुंबं सहा महिने रोजचा जमाखर्च वहीत लिहितात, एकट्या राहणाऱ्या माणसांनी तीन महिने लिहायचा असतो. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईच आठवली. तिथे घरखर्चात वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं यांचा वेगळा हिशेब निघतो. बाजाराचे आकडेही स्पष्ट आहेत. छापील पुस्तकं आणि मासिकं मिळून १९९६ साली सुमारे २.६५ लाख कोटी येनची विक्री, हा तिथला उच्चांक. २०२३ साली सुमारे १.०६ लाख कोटी. सत्तावीस वर्षांत निम्म्याहून कितीतरी खाली. त्याच वर्षी डिजिटल विक्री साधारण ५३,५०० कोटी येन होती, पण तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास कॉमिक्स. हे इतकं बारकाईने माहीत असल्यामुळे तिथला माणूस ‘वाचन कमी झालं’ एवढ्यावर थांबत नाही. मासिकं बुडाली, पुस्तकं हळूहळू उतरली आणि कॉमिक्स कागदावरून पडद्यावर गेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे तो सांगू शकतो.

इंग्लंडमध्ये घरातली सगळी मोठी माणसं दोन आठवडे खर्चाची डायरी ठेवतात, सात वर्षांपुढच्या मुलांसाठी सोपी डायरी वेगळी असते. खाऊच्या पैशातून मुलाने घेतलेलं कॉमिकसुद्धा त्यात येतं.

युरोपीय संघाचा एकत्रित आकडा मात्र मला अपुरा वाटतो. २०१६ साली तिथल्या कुटुंबांच्या खर्चातला सुमारे १.१ टक्का ‘वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि लेखनसाहित्य’ यांवर गेला. पेन, वह्या आणि कादंबऱ्या एकाच टोपलीत. तो आकडा आणि अमेरिकेची ‘वाचना’ची ओळ शेजारी ठेवून कोणी युरोप पुढे म्हणेल तर ते ज्वारी आणि ज्वारीचं पीठ एकाच मापाने मोजण्यासारखं होईल. आपली शिक्षणाची बेरीज या दोघांच्या शेजारी ठेवली तर घोळ आणखी वाढेल. तुलना करायची तर आधी ओळी जुळायला हव्यात, आणि रुपये-डॉलर-येन यांच्यापेक्षा एकूण खर्चातला वाटा पाहायला हवा. डॉलरचे रुपये करून ‘अमेरिकी माणूस पुस्तकावर दहा हजार घालतो’ असं म्हणण्याला काही अर्थ नाही.

ओळी जुळवायची सोयही झालेली आहे. घरखर्चाच्या वर्गीकरणाची संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत आहे, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत शैक्षणिक पुस्तकं आणि इतर पुस्तकं वेगळी काढली आहेत. २०२४ हे पायाभूत वर्ष धरून ग्राहक किंमत निर्देशांकाची नवी मालिका तुम्ही याच पद्धतीला धरून आखलीत. तुमच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, २०१९ च्याही आणि २०२४ च्याही, फावल्या वेळात केलेलं वाचन अभ्यासापासून वेगळं नोंदवलं जातं. म्हणजे माणसाने वाचायला किती मिनिटं दिली हे तुम्ही विचारता. त्यासाठी किती रुपये दिले तेवढंच राहिलं आहे.

हे मोजल्याने धोरणात काय फरक पडतो? स्वीडनने १ जानेवारी २००२ रोजी पुस्तकांवरचा कर २५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला आणि कराची सूट खरोखर ग्राहकाच्या खिशापर्यंत पोचते का हे पाहायला एक आयोगच नेमला. डेन्मार्कमध्ये २०२५ साली पुस्तकांवर २५ टक्के कर होता. मुलांचं वाचन ढासळतंय म्हणून तो काढून टाकायचा मनोदय तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे. तो १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक प्रकारच्या कागदावर १८ झाला. पुस्तकावर कर नसल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो भार किमतीत उतरतो. यामुळे खरेदी किती घटली हे पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर उत्तर देता येईल का? आज तरी येणार नाही.

नॉर्वेकडे पाहिलं की मला आपल्या भाषेसाठी कळवळा येतो. पंचावन्न लाख लोकांचा देश. तिथलं सरकार १९६५ पासून नव्या साहित्यकृतींच्या शेकडो प्रती स्वतः विकत घेऊन वाचनालयांना देतं. मराठी मातृभाषा असलेली माणसं २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होती, आणि मराठी कादंबरीची आवृत्ती आजही बहुधा हजार प्रतींची किंवा त्याहून लहान निघते. नॉर्वेच्या घरखर्चात पुस्तकाचा वाटा पाहताना सरकारी खरेदी वेगळी धरावी लागते. तशीच आपल्याकडे दोन ठिकाणी धरावी लागेल.

पहिलं ठिकाण पाठ्यपुस्तकांचं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. ती घराच्या खर्चात दिसत नाहीत, आणि खासगी शाळेतला संच मात्र पूर्ण दिसतो. त्यामुळे पुस्तकांवर जास्त खर्च करणारं घर हे पुष्कळदा मुलांना खासगी शाळेत घालणारं घर असतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ उरतो.

दुसरं ठिकाण वाचनालयांचं, आणि इथे मला जरा थांबू द्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्या राज्यात अनुदान घेणारी अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक वाचनालयं आहेत. अ, ब, क, ड असे वर्ग. आमचं ‘ब’ वर्गात. इमारत जुनी, पावसाळ्यात मागच्या खोलीत बादल्या ठेवाव्या लागतात, पण संध्याकाळी पाच वाजता दार उघडलं की पायरीवर चार-पाच जण थांबलेले असतात. एक निवृत्त एसटी वाहक आठवड्याला तीन पुस्तकं नेतात. पेन्शन बेताची, वर्षानुवर्षं त्यांनी पुस्तक विकत घेतलेलं नाही. तुमच्या तक्त्यात ते शून्यावर असतील, फीच्या ओळीत महिन्याला पन्नास रुपये. आमच्या सभासदांत यांच्याइतकं वाचणारं दुसरं कोणी नाही. दुपारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. त्यांच्यासमोर चार-चार हजारांची पुस्तकं रचलेली, आणि वर मांडणीवरच्या कादंबरीला त्यांनी हात लावलेला मला क्वचितच दिसतो. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांच्या घरचे त्या पुस्तकांसाठी शेळी विकतात हे मला माहीत आहे. पण त्या मुलाचे चार हजार आणि वाहक काकांचे पन्नास यांचा अर्थ वेगळा आहे, आणि देशाच्या वहीत तो वेगळा दिसायला हवा.

आता तुमचेच आकडे. २०११-१२ साली ग्रामीण भागात माणशी खर्चातला ५२.९ टक्के वाटा अन्नावर जाई, २०२२-२३ मध्ये तो ४६.३८ वर आला. शहरात ४२.६२ वरून ३९.१७ वर. जर्मन सांख्यिक अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडलेला नियम मी मुलांना घोकून घेत असे, उत्पन्न वाढतं तसा अन्नाचा वाटा घटतो. मग सुटलेला पैसा गेला कुठे? प्रवासाचा वाटा ग्रामीण भागात साडेसात टक्क्यांपर्यंत चढला. शिक्षणाचा मात्र उतरला, ग्रामीण ३.४९ वरून ३.३० आणि शहरी ६.९० वरून ५.७८. २०२२-२३ मध्ये माणशी मासिक खर्च खेड्यात ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये. म्हणजे शिक्षणावर खेड्यात साधारण १२५ आणि शहरात ३७३ रुपये. फी, शिकवणी, वह्या, वर्तमानपत्र, झेरॉक्स, गाइड, पोथी, कादंबरी, सगळं त्या १२५ रुपयांत. त्यातला आईच्या सहा रुपयांचा वारसदार कोणता, हे सांगायला माझ्याकडे काही साधन नाही. शिक्षणाचा वाटा उतरला तो पुस्तकं घटली म्हणून, की फीपेक्षा बाकीचे खर्च जोरात वाढले म्हणून, की मोफत पुस्तकांमुळे, हेही मुख्य तक्त्यांतून कळत नाही.

काळाच्या मालिकेला आधीच एक खड्डा पडला आहे. २०१७-१८ च्या फेरीचे निकाल प्रसिद्ध झाले नाहीत, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३. जुन्या फेऱ्यांतली एकत्र मांडलेली पुस्तकं आता कोणालाही वेगळी करता येणार नाहीत. पुढच्या फेरीत ओळ वेगळी झाली तर त्या दिवसापासून तरी मालिका सुरू होईल.

प्रश्नावली लांबल्याने उत्तर देणारा कंटाळतो, ही तुमची अडचण मला मान्य आहे. २०११-१२ ला ३४७ बाबी होत्या, २०२२-२३ ला ४०५. त्यासाठीच तुम्ही प्रश्नावलीचे तीन भाग करून तीन वेगळ्या महिन्यांत भेटी ठेवल्यात. मी चारशे सहावी बाब मागते आहे याची मला जाणीव आहे. पण हा प्रश्न आठवायला जड नाही. वर्षभरात घरात किती मीठ लागलं हे सांगणं अवघड, एखादं पुस्तक घेतलं का हे कोणीही सांगेल. ‘शिक्षण’ या मथळ्याखाली विचारलं की बाई मुलांचीच पुस्तकं सांगते, तिचं स्वतःचं सांगायचं राहून जातं. म्हणून ‘इतर पुस्तकं’ ही ओळ करमणुकीच्या किंवा संस्कृतीच्या गटाजवळ ठेवली तर जास्त बरं. क्षेत्र-कर्मचाऱ्याने घराघरांत बोलले जाणारे शब्द वापरावेत: ‘अभ्यासाची पुस्तकं’ आणि ‘वाचायची पुस्तकं’. स्पर्धा परीक्षेची अभ्यासात घ्या. पोथ्या, आरत्यांची पुस्तकं, पाककृती, आरोग्य, शेती यांची ‘वाचायच्या’त घ्या. पोथीला पुस्तक म्हणायला आमच्यातले काही सुशिक्षित कचरतात, पण कित्येक घरांत वर्षातून विकत घेतलेलं एकमेव पुस्तक तेच असतं आणि ते मोठ्याने वाचलं जातं.

दिवाळी अंकांबद्दल एक स्वतंत्र सूचना हवी. १९०९ साली ‘मनोरंजन’च्या अंकापासून सुरू झालेली ही परंपरा आहे. कथा, लेख, कविता यांनी भरलेला अडीचशे पानांचा अंक मासिकात लिहायचा की पुस्तकात, हे कर्मचाऱ्यावर सोडलं तर एका तालुक्यात एक आणि दुसऱ्या तालुक्यात दुसरं होईल. मासिकांतच ठेवा, पण मराठी भागासाठी तो प्रश्न नाव घेऊन विचारा. आणि दोघी शेजारणींनी मिळून घेतला असेल तर प्रत्येकीचा निम्मा खर्च लिहा.

मोफत मिळालेल्या पाठ्यपुस्तकांची नोंद खर्चात न धरता बाजूला घेता आली, तर सरकार आणि घर यांचा वाटा शेजारी दिसेल. आणि आकडे राज्यवार, गाव-शहरवार, उत्पन्नाच्या थरांनुसार प्रसिद्ध व्हावेत, शून्य लिहिणाऱ्या घरांच्या प्रमाणासकट. ते शून्य फार मोठं निघण्याची मला भीती आहे. तरी ते छापून यावं असं मनापासून वाटतं.

प्रश्नाच्या मराठी शब्दरचनेची चाचणी घ्यायची झाली तर आमच्या गावात जरूर घ्या. वाचनालयाचं सभागृह रविवारी सकाळी मोकळं असतं, पेठ आणि कॉलनी दोन्ही पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत. ती अकरावीची मुलगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती बरोबर यायला तयार आहे. आईच्या वह्या १९७१ पासून १९९६ पर्यंतच्या आहेत. कागद पिवळा पडला असला तरी शाई स्वच्छ वाचता येते. तुमच्यापैकी कोणाला पाहायच्या असतील तर मी टेबलावर मांडून ठेवीन.

आपली विश्वासू,
कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय,
जि. सांगली